निमित्त आणि मूळ : १९१४ च्या महायुद्धाची कारणमीमांसा

कोणतेंही मोठें युद्ध संपलें म्हणजे त्याचें खापर कोणाच्या माथीं फोडावयाचें, हा प्रश्न जेत्यांपुढें व जितांपुढें सारख्याच निकडीनें उभा राहतो. जेता आपल्या विजयाला न्यायाचें अधिष्ठान शोधीत असतो. जित आपल्या पराभवांत निदान निरपराधित्वाचें तरी समाधान शोधीत असतो. या ओढाताणींत खरी कारणमीमांसा बाजूला पडते आणि तिच्या जागीं आरोपपत्र येऊन बसतें. १९१४ सालच्या महायुद्धाच्या बाबतींत हें विशेषच घडलें. आमच्या शास्त्रकारांनीं कारणाचे भेद समजावून देतांना घटाचें उदाहरण घेतलें आहे. माती हें घटाचें उपादानकारण; कुंभार, त्याचें चाक व दंड हीं निमित्तकारणें. मातीवांचून कुंभाराला कांहीं घडवितां येत नाहीं हें जितकें खरें, तितकेंच नुसता मातीचा ढीग पडून राहिल्यानें घट होत नाहीं हेंहि खरें. युरोपच्या या महायुद्धाची माती कोणती आणि ती कोठून कोठून गोळा झाली, हें पाहण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

प्रथम निमित्ताकडे वळूं. १९१४ च्या जून महिन्याच्या २८ व्या तारखेस बोस्नियाची राजधानी साराजेव्हो येथें ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी सोफी यांचा गाव्ह्रिलो प्रिन्सिप नांवाच्या १९ वर्षांच्या सर्ब तरुणानें खून केला. त्याच दिवशीं सकाळीं त्याच्या एका साथीदारानें टाकलेला बाँब युवराजास लागला नव्हता. पुढें मोटार हांकणारा रस्ता चुकला, गाडी नेमकी प्रिन्सिपसमोर थांबली, आणि दोन गोळ्यांनीं काम झालें. त्यानंतर अवघ्या ३७ दिवसांत ऑस्ट्रिया, जर्मनी, रशिया, फ्रान्स व इंग्लंड या पांचहि महासत्ता युद्धांत ओढल्या गेल्या. मोटार हांकणाऱ्याच्या एका चुकीमुळें नव्वद लाखांवर सैनिक मेले, असें म्हणण्याचा मोह अनेक लेखकांस झाला आहे. गोष्ट म्हणून तें चटकदार आहे. कारण म्हणून तें लटकें आहे.

लटकें कां, तें एका तुलनेनें स्पष्ट होईल. १८९८ सालीं जिनीव्हा येथें याच ऑस्ट्रियाच्या बादशहाची पत्नी, सम्राज्ञी एलिझाबेथ, हिचा एका इटालियन अराजकवाद्यानें खून केला होता. त्याच्या आधीं १८९४ सालीं फ्रान्सचा अध्यक्ष सादी कार्नो हाहि एका इटालियनाच्याच सुऱ्याला बळी पडला होता. पण व्हिएन्नाहून रोमला निर्वाणीचा खलिता गेला नाहीं आणि पॅरिसनें इटलीच्या सरहद्दीवर सैन्य धाडलें नाहीं. राजकुलांतील व्यक्तीचा खून हें युद्धाचें पुरेसें कारण असतें, तर तें युद्ध सोळा वर्षें आधींच व्हावयास हवें होतें. तें झालें नाहीं, कारण त्या खुनी हातांच्या मागें कोणतेंहि राज्य उभें आहे असें कोणास वाटलें नाहीं. साराजेव्होच्या पिस्तुलामागें मात्र व्हिएन्नाच्या मुत्सद्द्यांस सर्बिया दिसला, सर्बियाच्या मागें रशिया दिसला, आणि या सर्वांच्या मागें स्वतःच्या साम्राज्याचें मरण दिसलें. येथेंच आमच्या विषयाचें बीज आहे. या युद्धाच्या मुळाशीं लोभ होता, अभिमान होता, सूडहि होता. पण या सर्वांस एकत्र मळून त्यांचा गोळा करणारें पाणी म्हणजे भय होय. आज आपण आहों तितके प्रबळ उद्यां राहणार नाहीं, हें तें भय.

या भयाची पहिली पेरणी १८७०-७१ च्या फ्रँको-जर्मन युद्धानें झाली. १८७१ च्या जानेवारीच्या १८ व्या तारखेस जर्मन साम्राज्याची द्वाही फिरली ती जर्मनींतील एखाद्या नगरांत नव्हे, तर फ्रेंच राजांच्या व्हर्सायच्या आरसेमहालांत. पराभूत शत्रूच्या घरांत जाऊन आपल्या राज्यारोहणाचा सोहळा करणें हा विजयाचा अतिरेक होता. पुढें झालेल्या तहानें फ्रान्सवर पांचशें कोटि फ्रँकांची खंडणी बसली आणि आल्सास प्रांत व लोरेनचा कांहीं भाग जर्मनीनें घेतला. खंडणी फ्रान्सनें १८७३ पर्यंत मुदतीच्या आधींच फेडून टाकली. पैशाची जखम अशी लौकर भरून येते. गेलेल्या प्रांतांची जखम मात्र उघडीच राहिली. एवढ्यासाठीं फ्रान्स आपण होऊन युद्ध सुरू करणार नाहीं हें पुढें दिसून आलें. परंतु जर्मनीवर दुसरें कोणी चालून गेलें, तर फ्रान्स स्वस्थ बसणार नाहीं, हेंहि त्या दिवसापासून ठरून गेलें.

ही गोष्ट बिस्मार्कइतकी दुसऱ्या कोणास ठाऊक नव्हती. युद्धांनीं साम्राज्य उभारणाऱ्या या पुरुषानें पुढचीं वीस वर्षें युद्ध टाळण्यांत घालविलीं, याचें कारण तो साधु झाला होता असें नव्हे. जर्मनीचें पोट भरलेलें आहे, आणखी घास घेतल्यास अजीर्ण होईल, हें त्यास कळत होतें. फ्रान्सला कोणी मित्र मिळूं द्यावयाचा नाहीं, हें त्याच्या राजकारणाचें सार. म्हणून १८७९ सालीं त्यानें ऑस्ट्रियाशीं करार केला, १८८२ सालीं इटलीस त्यांत घेतलें, आणि १८८७ सालीं रशियाशीं गुप्त करार करून तेंहि दार बंद केलें. पण ऑस्ट्रिया व रशिया हे बाल्कन द्वीपकल्पांत एकमेकांचे वैरी. दोघांनाहि एका दावणीस बांधून ठेवणें हें बिस्मार्कच्या हातीं कासरा होता तोंवरच शक्य होतें. शिवाय त्याची स्वतःचीहि एक चूक झाली होती. १८८७ सालींच त्यानें बर्लिनच्या बाजारांत रशियन कर्जरोख्यांवर पैसे देण्यास मनाई केली. तेव्हां रशिया कर्जासाठीं पॅरिसच्या पेढ्यांकडे वळला. जेथें पैसा जातो तेथें मनहि जाऊं लागतें. १८९० सालीं तरुण कैसर दुसरा विल्यम यानें बिस्मार्कला निरोप दिला आणि रशियाशीं असलेला करार पुन्हां केला नाहीं. १८९१ सालीं फ्रेंच आरमार क्रोन्स्टाट बंदरांत आलें, तेव्हां राजसिंहासनें उलथून टाकणाऱ्या क्रांतीचें तें ‘मार्सेलीझ’ गीत वाजत असतां सर्व रशियाचा अनियंत्रित झार टोपी काढून उभा राहिला. १८९४ पर्यंत लोकसत्ताक फ्रान्स व एकसत्ताक रशिया यांची मैत्री कराराच्या कागदावर कायम झाली. आचारविचारांत दोन ध्रुवांइतकें अंतर असलेलीं हीं राज्यें एकत्र आलीं, तीं प्रेमानें नव्हे. एकाच शेजाऱ्याच्या भीतीनें.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हे सर्व करार मुख्यतः संरक्षणाचे होते. कोणत्याहि करारांत अमुक दिवशीं अमक्यावर तुटून पडूं असें लिहिलेलें नव्हतें; दुसऱ्यानें हल्ला केल्यास एकमेकांच्या मदतीस जाऊं, एवढेंच लिहिलें होतें. तरीहि या ढालींच्या भिंतींनींच युद्धाची वाट मोकळी केली. एक पक्ष ज्याला ढाल म्हणतो, तिला दुसरा पक्ष तलवारीचें म्यान समजतो. दुसरें असें कीं, मित्र थोडे असले म्हणजे दुबळा मित्रहि मोलाचा होतो. १९०७ च्या सुमारास जर्मनीस भरंवशाचा असा एक ऑस्ट्रियाच उरला होता. इटलीचा भरंवसा कोणासच नव्हता, आणि १९१५ सालीं तो देश विरुद्ध पक्षास मिळालाहि. एकुलता एक मित्र बुडूं लागला म्हणजे त्याला सोडतां येत नाहीं, आणि धरून राहिलें तर तो आपणांसहि खालीं ओढतो. फ्रान्सची रशियाच्या बाबतींत थोडीफार हीच गत होती. अशा रीतीनें कमकुवत राज्यांच्या हातीं बलाढ्य राज्यांची दोरी गेली.

इंग्लंड या गोटांत कसें आलें, हें पाहण्यासारखें आहे. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडची खरी भांडणें फ्रान्स व रशिया यांच्याशीं होतीं. १८८५ सालीं अफगाणिस्तानच्या सीमेवर पंजदेह येथें रशियाशीं आणि १८९८ सालीं नाईलच्या कांठीं फशोडा येथें फ्रान्सशीं इंग्लंडचें युद्ध जवळ जवळ जुंपलेंच होतें. याच सुमारास जर्मनीचें बळ झपाट्यानें वाढत होतें. १८७१ सालीं सुमारें ४ कोटि १० लाख असलेली जर्मनीची लोकसंख्या १९१० पर्यंत साडेसहा कोटींच्या घरांत गेली. फ्रान्सची याच काळांत चार कोटींच्या आंतच अडून राहिली. १९१३ सालीं जर्मनींत निघणारें पोलाद इंग्लंडांतील पोलादाच्या दुपटीहून अधिक होतें. एवढ्यानें मात्र इंग्लंड बिथरलें नसतें. तें बिथरलें तें आरमारामुळें. १८९८ व १९०० सालीं अॅडमिरल टिर्पिट्झ याच्या प्रेरणेनें जर्मनीनें मोठें लढाऊ आरमार बांधण्याचे कायदे केले. इंग्लंडला झुंज देण्यास धोका वाटावा एवढें आरमार आपल्याजवळ असलें म्हणजे इंग्लंड आपल्याशीं जपून वागेल, असा टिर्पिट्झचा हिशेब होता. परंतु ज्या बेटाचें अन्न समुद्रावरून येतें, त्याच्या दारांत नवें आरमार उभें केलें असतां तें बेट जपून वागण्याऐवजीं मित्र शोधूं लागतें. १९०४ सालीं इंग्लंडनें फ्रान्सशीं आणि १९०७ सालीं रशियाशीं जुनीं भांडणें मिटविलीं. १९०६ सालीं ‘ड्रेडनॉट’ ही प्रचंड युद्धनौका पाण्यांत लोटून त्यानें पूर्वीच्या साऱ्या युद्धनौका एका फटक्यांत जुन्या ठरविल्या, त्यांत त्याच्या स्वतःच्याहि आल्या. जर्मनीनें या सर्वांस आपल्याभोंवतीं आवळलेला वेढा म्हटलें. त्या वेढ्याची पहिली दोरी जर्मनीनेंच वळली होती हें तिच्या ध्यानांत आलें नाहीं.

वसाहतींचा लोभ आणि व्यापारांतील चढाओढ हेंच या युद्धाचें खरें मूळ, असें मत पुष्कळांनीं मांडलें आहे. लेनिननें तर युद्ध चालू असतांच त्यास एका सिद्धान्ताचें रूप दिलें. आमच्यासारख्या परसत्तेखालीं राहिलेल्या देशांतील वाचकांस हें मत सहज पटतें, आणि त्यांत तथ्य नाहीं असेंहि नाहीं. १९०५ व १९११ सालीं मोरोक्कोच्या प्रश्नावरून जर्मनीनें फ्रान्सला दम भरला, तेव्हां फ्रान्स व इंग्लंड अधिकच जवळ आले. वसाहतींनीं युरोपियन राष्ट्रांस एकमेकांकडे संशयानें पाहण्याची संवय लाविली, हें निर्विवाद आहे. परंतु वसाहतींवरून अगदीं हातघाईस आलेलीं भांडणें पंजदेह व फशोडा येथें युद्धावांचून मिटलीं, आणि ज्यांचीं तीं भांडणें होतीं तींच राज्यें १९१४ सालीं एका बाजूस लढलीं. उलट, बगदादच्या रेल्वेसंबंधीं इंग्लंड व जर्मनी यांच्यांतील तडजोडीचा मसुदा १९१४ च्या जून महिन्यांत, म्हणजे युवराजाच्या खुनाच्या अगोदर थोडेच दिवस, तयार झाला होता. व्यापाराचें म्हणाल, तर इंग्लंड व जर्मनी हीं एकमेकांचीं उत्तम गिऱ्हाइकें होतीं. आपल्या गिऱ्हाइकाचें दुकान जाळून कोणी श्रीमंत होत नाहीं, असें नॉर्मन एंजल या इंग्रज लेखकाचें १९१० च्या सुमारास गाजलेल्या ग्रंथांत प्रतिपादन होतें, आणि तें हिशेबाच्या दृष्टीनें बरोबर होतें. दोष इतकाच कीं, भ्यालेला मनुष्य हिशेब करीत नाहीं.

आतां ज्या ठिकाणीं वणवा पेटला त्या ठिकाणाकडे वळूं. ऑस्ट्रिया-हंगेरीचें साम्राज्य हें एका अर्थानें गेलेल्या युगाचें अवशेष होतें. १९१० सालीं त्याची लोकसंख्या पांच कोटींहून थोडी अधिक होती. त्यांत जर्मन सुमारें सव्वा कोटि, मग्यार म्हणजे हंगेरियन सुमारें एक कोटि. आणि बाकीचे चेक, पोल, रुथेनियन, रुमानियन, क्रोट, सर्ब, स्लोव्हाक, स्लोव्हीन, इटालियन. सैन्यांत हुकूम जर्मन भाषेंत सुटत; परंतु शिपायास शिकवावयाचें तें ज्या त्या पलटणीच्या भाषेंत. १८६७ च्या तडजोडीनें जर्मन व मग्यार या दोन जातींनीं राज्य वांटून घेतलें. निम्म्याच्या आसपास असलेल्या स्लाव्ह प्रजेस त्या वांटणींत स्थान नव्हतें. भाषा हेंच राष्ट्र, आणि प्रत्येक राष्ट्रास स्वतःचें राज्य, हें एकोणिसाव्या शतकाचें तत्त्व ज्या राज्यानें मान्य केलें असतें तर तें स्वतःच नाहींसें झालें असतें, असें हें राज्य होतें. या सर्वांस बांधणारा धागा म्हणजे १८४८ पासून गादीवर असलेला वृद्ध बादशहा फ्रान्झ जोसेफ. त्याच्यामागें काय, हा प्रश्न व्हिएन्नांत प्रत्येकाच्या मनांत होता आणि ओठांवर कोणाच्याच नव्हता.

अशा घराच्या कुंपणाशीं सर्बिया हें लहानसें शेतकऱ्यांचें राज्य होतें. १९०३ सालीं बेलग्रेडच्या लष्करी अधिकाऱ्यांनीं ऑस्ट्रियास अनुकूल असलेल्या राजाचा, राणीसह, वाड्यांतच खून केला आणि दुसऱ्या घराण्यास गादीवर बसविलें. तेव्हांपासून सर्बियानें रशियाची कास धरली. १९०६ सालीं ऑस्ट्रियानें सर्बियाच्या डुकरांस आपली बाजारपेठ बंद केली, आणि शेतकऱ्याच्या घराघरांत ऑस्ट्रियाचें वैर जाऊन पोंचलें. १९०८ सालीं, तीस वर्षें केवळ आपल्या ताब्यांत असलेला बोस्निया ऑस्ट्रियानें कायमचा आपल्या राज्यास जोडून घेतला. त्या प्रांतांत सर्बांची मोठी वस्ती होती, म्हणून सर्बियांत संतापाची लाट उसळली. १९११ सालीं बेलग्रेडमध्यें स्थापन झालेल्या ‘ब्लॅक हँड’ या गुप्त मंडळाचा सूत्रधार ड्रागुतिन दिमित्रियेविच हा १९०३ च्या राजवधांत सामील असलेला अधिकारी होता, आणि पुढें तोच सर्बियाच्या लष्करी हेरखात्याचा मुख्य झाला. प्रिन्सिप व त्याचे सोबती यांस हत्यारें मिळालीं तीं याच मंडळाच्या माणसांकडून. दैवाचा खेळ असा कीं, ज्याला त्यांनीं मारलें तो फ्रान्झ फर्डिनांड हाच व्हिएन्नाच्या दरबारांत सर्बियाशीं युद्ध नको म्हणणारा प्रमुख पुरुष होता. सेनापति कोनराड वारंवार युद्धाची मागणी करी आणि युवराज त्यास आवरी. २८ जून रोजीं आवरणारा हातच नाहींसा झाला.

रशियाची अवस्था याहून वेगळी, पण तितकीच नाजूक होती. १९०४-०५ सालीं जपानकडून मार खाल्ल्यावर त्याची दृष्टि पूर्वेकडून पुन्हां बाल्कनकडे फिरली. तेथें नुसता स्लाव्ह बांधवांचा कळवळा नव्हता. दक्षिण रशियाचा गहूं कॉन्स्टँटिनोपलच्या सामुद्रधुनींतूनच जगाच्या बाजारांत जाई. १९१२ सालीं इटलीशीं चाललेल्या युद्धांत तुर्कांनीं ती कांहीं काळ बंद करतांच रशियाचा व्यापार गुदमरला. त्या दाराची किल्ली परक्याच्या हातीं जाऊं द्यावयाची नाहीं, हा रशियाचा पण होता. १९०९ च्या मार्चमध्यें बोस्नियाच्या प्रश्नावर जर्मनीनें रशियास निमूटपणें मान तुकविण्यास सांगितलें, आणि सैन्य तयार नसल्यामुळें रशियानें ती तुकविली. असा अपमान राष्ट्रें एकदां गिळतात. दुसऱ्यांदा गिळावा लागला तर आपण महासत्ताच उरणार नाहीं, असें सेंट पीटर्सबर्गच्या मंत्र्यांस वाटूं लागलें. १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांनीं सर्बियाचा विस्तार जवळ जवळ दुप्पट झाला. जें पाहून रशियास धीर आला, तेंच पाहून ऑस्ट्रियाच्या पोटांत गोळा उठला.

येथपर्यंत सांगितलेल्या सर्व गोष्टी असूनहि युद्ध टळलें असतें. कारण १९१२-१३ सालीं या सर्व गोष्टी होत्याच. त्या वेळीं सर एडवर्ड ग्रे यांनीं लंडनमध्यें निरनिराळ्या सत्तांच्या वकिलांची परिषद भरविली, जर्मनीनें ऑस्ट्रियाचा हात धरला, आणि संकट टळलें. मग १९१४ सालीं अधिक काय होतें? याचें उत्तर सेनापतींच्या कचेऱ्यांत सांपडतें. फ्रान्स व रशिया या दोघांशीं एकदम लढावें लागल्यास काय करावें, याचा आराखडा श्लीफेन या जर्मन सेनापतीनें १९०५ सालीं केला होता. रशिया अवाढव्य, त्याच्या रेल्वे थोड्या. त्याचें सैन्य जमेपर्यंतच्या कांहीं आठवड्यांत सर्व बळ एकवटून, बेल्जममधून घुसून फ्रान्सला लोळवावें, आणि मग पूर्वेकडे वळावें, असा तो बेत. याचा सर्व डोलारा रशियाच्या सावकाशपणावर उभा होता. पण फ्रेंच कर्जाच्या पैशांतून रशियाच्या पश्चिम सीमेकडे नव्या रेल्वे होऊं घातल्या होत्या, आणि रशियानें हातीं घेतलेली सैन्यवाढ १९१७ पर्यंत पुरी व्हावयाची होती. म्हणजे १९१७ नंतर जर्मनीचा आराखडा रद्दी झाला असता. १९१२ च्या डिसेंबरांतच जर्मन सेनापति मोल्टके यानें कैसरसमोर असें मत दिलें होतें कीं, युद्ध टळणारें नाहीं, आणि व्हावयाचें तर जितकें लौकर होईल तितकें बरें. अशा आगाऊ युद्धाची तुलना बिस्मार्कनें मरणाच्या भयानें केलेल्या आत्महत्येशीं केली होती. पण बिस्मार्क आतां नव्हता.

जुलै महिन्याचा वृत्तान्त सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यांत सांगतों. ५ व ६ जुलै रोजीं जर्मनीनें ऑस्ट्रियास वाटेल तें करण्यास पाठिंबा दिला. २३ जुलै रोजीं ऑस्ट्रियानें सर्बियास ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता दिला. सर्बियानें बहुतेक अटी मान्य केल्या. आपल्या भूमीवरील चौकशींत ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनीं भाग घ्यावा, ही मात्र नाकारली. २८ तारखेस ऑस्ट्रियानें युद्ध पुकारलें. २९ च्या रात्रीं झार निकोलसनें कैसरची तार वाचून सर्व सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम परत घेतला. दुसऱ्या दिवशीं परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह याच्या आग्रहानें तो पुन्हां दिला. १ ऑगस्ट रोजीं जर्मनीनें रशियाविरुद्ध युद्ध जाहीर केलें. त्याच सायंकाळीं इंग्लंड व फ्रान्स कदाचित् तटस्थ राहतील अशी चुकीची बातमी आली, आणि कैसरनें सारें सैन्य पूर्वेकडे वळविण्यास सांगितलें. मोल्टकेनें उत्तर दिलें कीं तें शक्य नाहीं. आगगाड्यांचें वेळापत्रक बदलतां येणार नाहीं. तें अक्षरशः खरें होतें. केवळ रशियाशीं लढण्याचा निराळा आराखडा जर्मन कचेरीनें १९१३ सालींच टाकून दिला होता. बाल्कनमधील खुनाच्या भांडणाची पहिली मोठी लढाई बेल्जमच्या लीएज किल्ल्यावर व्हावी, याहून विपरीत तें काय? ज्या बेल्जमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या तहानें युरोपच्या सत्तांनीं दिली होती, त्यांत ४ ऑगस्ट रोजीं जर्मन सैन्य शिरलें, आणि त्याच रात्रीं इंग्लंड युद्धांत उतरलें. बादशहा मोठे कीं वेळापत्रक मोठें, याचा निकाल त्या आठवड्यांत लागला.

यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, दोष कोणाचाच नव्हता. परिस्थितीच तशी होती. हें आम्हांस मान्य नाहीं. माती सर्वांनीं मिळून कालविली होती. पण चाक फिरविणारे हात ओळखूं येतात. व्हिएन्नानें लहान शेजाऱ्यास चिरडण्याचा निश्चय करून खलिता लिहिला. बर्लिननें जाणूनबुजून पाठिंबा दिला. बेलग्रेडनें आपल्या अधिकाऱ्यांच्या कारस्थानांकडे डोळेझांक केली. सेंट पीटर्सबर्गनें घाई केली. पॅरिसनें आपल्या मित्रास आवरलें नाहीं. लंडननें आपलें मत वेळेवर स्पष्ट केलें नाहीं. हे दोष सारखे नव्हेत. पहिले दोन आमच्या मतें सर्वांत जड आहेत. परंतु जड असणें निराळें आणि एकटें असणें निराळें.

हा भेद पुसला गेला तर काय होतें, हेंहि इतिहासानें दाखविलें. १९१९ च्या जूनच्या २८ व्या तारखेस, साराजेव्होच्या खुनास बरोबर पांच वर्षें झालीं त्या दिवशीं, व्हर्सायच्या त्याच आरसेमहालांत तहावर सह्या झाल्या. त्याच्या २३१ व्या कलमानें युद्धाच्या हानीची जबाबदारी जर्मनी व तिचे साथीदार यांच्यावर टाकली. जर्मनींत तें कलम अपराधाचा शिक्का म्हणून वाचलें गेलें, आणि त्या शिक्क्याच्या चिडीवर हिटलरनें आपलें राजकारण पोसलें. या चिडीपोटीं जर्मन पंडितांची एक पिढी आपल्या राष्ट्राचा कांहींच दोष नव्हता असें सिद्ध करण्यांत गुंतली. आणि १९६१ सालीं फ्रित्झ फिशर या जर्मन इतिहासकारानेंच दप्तरें उघडून जर्मनीच्या दोषाचें माप पुन्हां भरलें, तेव्हां त्याच्यावर स्वदेशांतच केवढा गहजब झाला! तात्पर्य, युद्धाच्या कारणांची चुकीची मीमांसा ही पुढील युद्धाचें एक कारण होऊन बसते. म्हणून हा केवळ पंडितांच्या फुरसतीचा उद्योग नव्हे.

आमचा या सर्वांशीं संबंध काय, असें कोणी विचारील. लंडननें ४ ऑगस्टला युद्ध पुकारलें, त्याच क्षणीं हिंदुस्थानहि युद्धांत पडला. त्यास कोणीं विचारलें नव्हतें. दहा लाखांहून अधिक हिंदी माणसें समुद्रापलीकडे गेलीं. ‘पुणें डिव्हिजन’ या नांवानें ओळखली जाणारी फौज, तिच्यांतील मराठा पलटणींसह, तैग्रिस नदीच्या कांठीं कूत येथें वेढ्यांत उपासमार सोसून १९१६ च्या एप्रिलच्या २९ व्या तारखेस तुर्कांच्या हातीं सांपडली. आल्सास कोठें, बोस्निया कोठें, आणि सह्याद्रीच्या कुशींतला तो शेतकऱ्याचा मुलगा कोठें! ज्यांच्या भयाशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता, त्यांच्या भयाची किंमत त्यानें दिली.

सामर्थ्य वाढत असतें तेव्हां राष्ट्रें उन्मत्त होतात, ही गोष्ट जुन्या लोकांस ठाऊक होती. १९१४ सालानें त्यांत एवढीच भर घातली कीं, सामर्थ्य ओसरूं लागल्याची शंका ही सामर्थ्याच्या मदाहूनहि घातक असते. कारण मदास उद्यांची वाट पाहतां येते, भयास येत नाहीं. ज्या राज्याच्या कारभाऱ्यांस आज नाहीं तर कधींच नाहीं असें वाटूं लागतें, त्या राज्याजवळ दारूगोळा किती आहे यापेक्षां त्याला थांबून विचार करण्यास किती दिवस उरले आहेत, हें शेजाऱ्यांनीं अधिक काळजीनें पाहिलें पाहिजे. माती कोरडी ठेवतां आली तर उत्तमच. तें न साधलें, तर निदान चाकावर घाईचा हात पडूं नये, एवढें तरी माणसांच्या हातीं असतें. १९१३ सालीं तें त्यांनीं साधलें होतें. १९१४ सालीं साधलें नाहीं, यांत दैवाचा दोष फार थोडा आहे.